संभावनाविरह आणि कृपा : मारधाडपटांतील ख्रिस्ती श्रद्धेचा शोध

मारधाडपटात ख्रिस्त शोधणारा प्रेक्षक हा कोणालाच फारसा आदरणीय वाटत नाही. श्रद्धावंतांना तो उथळ वाटतो आणि चित्रपटाच्या अभ्यासकांना भाबडा. रविवारी प्रार्थनामंदिरात ज्या कथेपुढे तो गुडघे टेकतो, तीच कथा त्याला शनिवारी रात्री मोटारींचे स्फोट, काचांचा चुरा आणि काडतुसांच्या टरफलांचा पाऊस यांच्या आडून पुन्हा दिसू लागते. नायकाने दोन्ही हात आडवे पसरले की त्याला क्रूस आठवतो. मेलेला नायक उठून बसला की रिकामी कबर आठवते. हे दिसणे म्हणजे निव्वळ भ्रम आहे असे म्हणून ते बाजूला सारणे सोपे आहे. परंतु हा भ्रम इतक्या सातत्याने, इतक्या भिन्न प्रकृतीच्या चित्रपटांच्या बाबतीत आणि कित्येकदा दिग्दर्शकाच्या पूर्ण संमतीने घडत असतो, की तो कशाचा घडला आहे हे तपासून पाहणे अवश्य ठरते. शिवाय हा प्रश्न केवळ आस्वादाचा नाही. हिंसा हेच ज्या कलाप्रकाराचे व्याकरण आहे, त्यात ज्याला स्वतः मारला गेलेला आणि कोणालाही न मारणारा आपला प्रभू दिसतो, त्याच्या श्रद्धेचे त्या क्षणी काय होत असते, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

सर्वांत सोपे उदाहरण आधी घ्यावे. २०१३ साली प्रदर्शित झालेल्या झॅक स्नायडरच्या 'मॅन ऑफ स्टील' या चित्रपटात सुपरमॅनचे वय ३३ वर्षे आहे. शत्रूच्या स्वाधीन व्हावे की नाही या पेचात तो चर्चमध्ये धर्मगुरूपुढे बसतो, तेव्हा त्याच्या पाठीमागे गेथशेमाने बागेत प्रार्थना करणाऱ्या येशूचे काचचित्र दिसत राहते. पुढे अंतराळयानातून बाहेर पडताना तो हात पसरून क्षणभर अधांतरी थांबतो. चित्रपटाच्या प्रसारासाठी ख्रिस्ती धर्मोपदेशकांकरिता खास खेळ ठेवण्यात आले आणि त्यांना प्रवचनाची टिपणेही पुरवण्यात आली. येथे प्रेक्षकाला काही शोधावेच लागत नाही. अर्थ आधीच बांधून, वर नावाची चिठ्ठी लावून त्याच्या हाती दिलेला असतो. १९३८ साली सुपरमॅनला जन्म देणारे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे ज्यू कुटुंबांतले तरुण होते, आणि अग्निबाणात घालून परक्यांच्या स्वाधीन केलेले ते अर्भक ख्रिस्तापेक्षा लव्हाळ्याच्या पेटीतल्या मोशेच्या अधिक जवळचे आहे, ही गोष्ट तर दूरच राहिली. शेवटी हा ३३ वर्षांचा तारणारा प्रतिपक्षाची मान मोडून त्याला ठार करतो. काचचित्राला त्याचे काहीच वाटत नाही.

पॉल व्हरहोव्हनचा 'रोबोकॉप' (१९८७) अधिक विचार करायला लावतो, आणि गंमत अशी की त्याचा दिग्दर्शक श्रद्धाळू नाही. व्हरहोव्हन हा डच दिग्दर्शक ऐतिहासिक येशूचा शोध घेणाऱ्या 'जीझस सेमिनार' या अभ्यासकांच्या मंडळात बसत असे. २००८ साली त्याने येशूवर स्वतंत्र पुस्तकही लिहिले. पुनरुत्थानावर त्याचा विश्वास नाही. तरीही डेट्रॉइटचा पोलीस मर्फी याचे मरण त्याने वधस्तंभावरील मरणासारखे रचले आहे. गुंड प्रथम बंदुकीने त्याचा हात उडवतात, मग त्याच्या देहाची चाळण करतात, आणि हे सारे इतके लांबते की प्रेक्षकाला पडद्यावरून नजर काढून घ्यावीशी वाटते. मग एक कंपनी त्या मृतदेहातून यंत्रमानव उभा करते. चित्रपटाच्या अखेरीस, ओसाड पोलाद-कारखान्यातल्या उथळ पाण्यावरून तो चालत येतो. कॅमेरा अशा उंचीवर ठेवला आहे की पाऊल बुडताना दिसत नाही. मर्फी हा अमेरिकन येशू आहे, असे व्हरहोव्हनने पुढे अनेकदा सांगितले. 'अमेरिकन' या विशेषणात सारा उपरोध भरलेला आहे. पाण्यावरून चालत आलेला हा उद्धारक आता अटक करण्याच्या भानगडीत पडत नाही. माहिती वाचण्यासाठी मनगटात बसवलेला टोकदार दांडा तो खलनायकाच्या गळ्यात खुपसतो. ज्या पाण्यावर चमत्कार घडला तेच पाणी रक्ताने लाल होते. श्रद्धाळू प्रेक्षकाने यातला पूर्वार्ध घ्यावा आणि उत्तरार्ध सोडून द्यावा, ही सोय दिग्दर्शकाने ठेवलेली नाही. अश्रद्ध माणसाने केलेली ही रचना कितीतरी श्रद्धाळू रचनांपेक्षा प्रामाणिक आहे.

जेम्स कॅमेरॉनच्या 'टर्मिनेटर'च्या (१९८४) पहिल्या भागात एका सामान्य तरुणीला अनोळखी दूत येऊन सांगतो, की तुझ्या पोटी मानवजातीचा तारणारा जन्माला येणार आहे. त्या मुलाच्या नावाची आद्याक्षरे जे. सी. अशी आहेत. ही खूण बाळबोध आहे. दुसऱ्या भागात (१९९१) मात्र वेगळेच काही घडते. मुलगा त्या यंत्राकडून वचन घेतो, की यापुढे माणूस मारायचा नाही. मारण्यासाठीच बनवलेले यंत्र त्यानंतर पहारेकऱ्याच्या गुडघ्यावर गोळी झाडते, आणि पोलिसांच्या मोटारींचा चक्काचूर केल्यावर त्याच्या डोळ्यांपुढील आकड्यांत मृतांची संख्या शून्य उमटते. प्रेक्षागृहात यावर हशा पिकतो. परंतु न मारण्याची आज्ञा हाच ज्याच्या कथानकाचा कणा आहे असा दुसरा मारधाडपट सहज आठवत नाही. वितळलेल्या पोलादात उतरणाऱ्या यंत्राच्या आत्मार्पणाची चर्चा खूप झाली. हे शून्य मात्र दुर्लक्षितच राहिले.

'द मेट्रिक्स' अमेरिकेत ३१ मार्च १९९९ रोजी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहात, प्रदर्शित झाला. त्यातली ट्रिनिटी नावाची नायिका, झायन नावाची नगरी, मार्ककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातील अकराव्या वचनाकडे बोट दाखवणारी जहाजावरची पाटी, नायकाचे मरण, उत्थान आणि अखेरचे आरोहण यांची यादी आता विद्यार्थ्यांनाही पाठ झाली आहे. याच चित्रपटात बौद्धांना बोधी दिसला, नॉस्टिक पंथाच्या अभ्यासकांना ज्ञानाने होणारी मुक्ती दिसली, भारतीय प्रेक्षकाला मायावाद दिसला. तिसऱ्या भागात तर बृहदारण्यकोपनिषदातली प्रार्थना समूहस्वरात ऐकू येते. जो चित्रपट प्रत्येकाला आपापला वाटतो त्याच्याविषयी ख्रिस्ती प्रेक्षकाने थोडे सावध असावे. इमारतीच्या दिवाणखान्यातला गोळीबार नृत्यासारखा देखणा आहे, पण चित्रपटाच्याच नियमानुसार तेथे कोसळणारे रखवालदार खोट्या जगात मेले की खऱ्या जगातही मरत असतात. त्यांची शरीरे कोठेतरी निद्रिस्त आहेत, आणि ज्यांना सोडवण्यासाठी तारणारा आला आहे असे म्हटले जाते, त्यांच्यापैकीच ती आहेत. या तपशिलाकडे चित्रपट पुन्हा वळून पाहत नाही.

अशक्य घटनांनी भरलेल्या या चित्रपटांना ख्रिस्तकथेची गरज का पडावी, याचे उत्तर पाश्चात्त्य चित्रपटमीमांसेपेक्षा अभिनवगुप्ताकडे अधिक नेमके मिळते. रसास्वादाच्या विघ्नांची चर्चा करताना त्याने पहिले विघ्न मानले ते संभावनाविरह. जे घडते आहे ते घडणे शक्यच नाही असे वाटले की प्रेक्षकाचे चित्त तेथे स्थिरावत नाही, मग रसनिष्पत्ती कोठली? त्यावरचा उपायही त्याने सांगितला आहे. लोकोत्तर कृत्ये दाखवायची असतील तर रामादिकांसारखा प्रख्यात नायक घ्यावा. कारण त्यांच्याविषयीची श्रद्धा दीर्घ प्रसिद्धीने लोकांच्या मनात आधीच खोल रुजलेली असते, आणि सागरोल्लंघनासारखे कृत्यही तेथे खटकत नाही. मारधाडपटाला हेच भांडवल लागते. कालपर्यंत कोणी न ऐकलेला संगणक-तज्ज्ञ किंवा डेट्रॉइटचा पोलीस मरून उठतो, हे प्रेक्षकाने मानावे कसे? त्याच्या देहावर मरून उठलेल्या दुसऱ्या एका प्रख्यात नायकाची छाया पाडली की ते मानणे सुकर होते. ती छाया कोणाची आहे हे प्रेक्षकाला शब्दांत सांगता आले नाही तरी चालते. म्हणजे ख्रिस्ती प्रेक्षकाला जे सापडते, ते बहुतेक वेळा कोणीतरी व्यवहारासाठी तेथे ठेवलेले असते. मराठी वाचकाला या व्यवहाराची उलट दिशा परिचित आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त साष्टीच्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी ख्रिस्ताला ओवीत आणले. तेथे श्रोत्यांच्या मनात रुजलेला होता तो पुराणाचा रूपबंध, आणि आधाराची गरज होती ती ख्रिस्तकथेला. हॉलिवुडने पारडी फिरवली आहेत.

छाया हा शब्द येथे केवळ लाक्षणिक नाही. जुन्या करारातल्या घटनांत ख्रिस्ताची पूर्वच्छाया पाहण्याची ख्रिस्ती वाचनपद्धती फार प्राचीन आहे. माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेला योना आणि बलिदानासाठी स्वतःच लाकडे वाहून नेणारा इसहाक ही तिची ठळक उदाहरणे. एरिक आउअरबाखने 'फिगुरा' या १९३८ सालच्या निबंधात दाखवले, की ही पद्धती रूपकाहून वेगळी आहे. कारण रूपकात मूळ वस्तू अर्थापुढे विरून जाते, तर येथे योना योनाच राहतो, त्याचे भय आणि त्याचा हट्ट त्याचेच राहतात. चित्रपट अर्थातच ख्रिस्तानंतरचे आहेत. तेव्हा त्यांना पूर्वच्छाया न म्हणता उत्तरच्छाया म्हणावे लागेल, आणि थिओडोर झिओल्कोव्हस्कीने १९७२ साली कादंबऱ्यांविषयी लिहिताना बजावून ठेवले आहे, की कथानकाचा आराखडा शुभवर्तमानाचा असला म्हणून कृतीचा अर्थ ख्रिस्ती होतोच असे नाही. हे मान्य करूनही आउअरबाखची अट येथे उपयोगी पडते. मर्फी हा मर्फीच राहिला पाहिजे. त्याने केलेला वध वाचनातून गाळून त्याचा ख्रिस्त करणे ही त्या वाचनपद्धतीशीच केलेली लबाडी आहे. एखाद्या अर्थनिर्णायक समूहाला आपल्या संकेतांनुसार संहिता वाचण्याचा अधिकार आहे, असे स्टॅन्ली फिशला अनुसरून म्हणता येते. पण या समूहाच्या स्वतःच्या संकेतांतच, बागेत उपसलेली तलवार म्यानात घालण्याची पेत्राला झालेली आज्ञा येते.

या मुद्द्यापाशी थांबणे भाग आहे. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ वॉल्टर विंक यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या 'एन्गेजिंग द पॉवर्स' या ग्रंथात लोकप्रिय कथांमागील 'उद्धारक हिंसे'चे मिथक बॅबिलोनच्या सृष्टिकथेपर्यंत नेऊन भिडवले आहे. तेथे मर्दुक हा देव तिआमत या आदिमातेचा वध करतो आणि तिच्या फाडलेल्या देहातून आकाश व पृथ्वी घडवतो. सुव्यवस्था हत्येतून जन्म घेते. मारधाडपटाचा शेवट त्यांच्या मते याच कुळातला असतो. हे खरे असेल, आणि बव्हंशी ते खरे वाटते, तर आपला श्रद्धाळू प्रेक्षक शनिवारी रात्री येशूच्या नावाने मर्दुकाची उपासना करून घरी परततो असे म्हणावे लागेल. त्याच्या बचावासाठी एवढेच सांगता येईल, की ही फसगत त्याच्या आधी थोरामोठ्यांचीही झाली आहे. ख्रिस्ती माणसाने खेळतमाशे पाहू नयेत असे आवेशाने बजावणाऱ्या टर्टुलियनच्या ग्रंथाचा शेवट न्यायाच्या दिवसाच्या वर्णनाने होतो. छळ करणारे अधिकारी आणि तत्त्वज्ञ आगीत होरपळताना पाहणे हाच खरा मोठा तमाशा, असे तो तेथे उल्हासाने सांगतो. प्रेक्षागृहाचे दार बंद करणाऱ्या या गृहस्थाला आत काय चालते हे चांगलेच ठाऊक होते.

मात्र याच टर्टुलियनने दुसऱ्या एका ग्रंथात, ख्रिस्ताच्या देहाची चर्चा करताना, दफन झालेल्याचे पुन्हा उठणे हे अशक्य आहे म्हणूनच निश्चित आहे, अशा आशयाचे विधान केले. तर्कशास्त्रात ते टिकणार नाही. पण मारधाडपटाचे ख्रिस्ती वाचन ज्यावर उभे राहू शकते असे खरे स्थळ येथे आहे असे वाटते: पसरलेले हात आणि आद्याक्षरे यांच्यापेक्षा खुद्द अशक्यतेत. शक्य पण असंभाव्य घटनेपेक्षा अशक्य पण संभाव्य घटना कवीने पत्करावी, असे ॲरिस्टॉटल सांगतो. ख्रिस्ती कथा ही दोन्ही बाजूंनी वाकडी आहे. ती अशक्यही आहे आणि असंभाव्यही, आणि तरीही ती घडली असा तिचा दावा आहे. टोल्किन यांनी परीकथांवरील निबंधात, सर्व आशा संपल्यावर कथेला अकस्मात मिळणाऱ्या सुखद कलाटणीसाठी एक नवा शब्द घडवला आणि पुनरुत्थानाला त्या कलाटणीचा परमोच्च नमुना मानले. शंभर मजल्यांवरून पडलेला नायक वाचतो तेव्हा प्रेक्षागृहात जो सुस्कारा उमटतो, त्यात या कलाटणीचा क्षीण का होईना प्रतिध्वनी असतो, हे नाकारण्याचे कारण नाही.

अडचण वेगळीच आहे. मारधाडपटातला नायक वाचणार हे तिकीट काढतानाच ठरलेले असते. नटाचे नाव, पुढील भागाची जाहिरात आणि कलाप्रकाराचा संकेत या तिन्हींनी त्याच्या जिवाची हमी घेतलेली असते. हमीची कृपा ही कृपा नव्हे. कृपा अनर्जित असते, अनपेक्षित असते. आणि येथे तर अनपेक्षित असे काहीच नसते, फक्त अशक्य असते. म्हणून पाहण्यासारखे चित्रपट ते, ज्यांत ही हमी कोणीतरी उघडी पाडते, मोडते, किंवा तिच्याकडे पहिल्यांदाच घडत असल्यासारखे पाहते.

'फास्ट अँड फ्युरिअस' मालिकेत ही हमी हास्यविषय झाली आहे. अबू धाबीतल्या एका मनोऱ्यातून दुसऱ्यात मोटार उडवणारी आणि २०२१ सालच्या नवव्या भागात तीच विद्या अंतराळापर्यंत नेणारी ही माणसे. त्या नवव्या भागात रोमन नावाचे पात्र एकदाचे विचारते, की इतके सारे होऊन आपल्याला ओरखडाही कसा उठत नाही. आपण सामान्य माणसे आहोत ना? सोबती त्याची टिंगल करतात आणि विषय मिटतो. या मालिकेतला श्रद्धाविषयक ऐवज मात्र भोजनाच्या मेजावर आहे. २००१ सालच्या पहिल्या भागातच नियम ठरतो: अन्नाला जो प्रथम हात घालील त्याने प्रार्थना म्हणावी. ती प्रार्थना म्हणणारा पोरगा देवाचे आभार मानताना इंजिनाच्या सुट्या भागांनाही विसरत नाही, आणि त्यामुळेच ती खरी वाटते. पुढे या मेजावर कालचे शत्रू एकेक करून येऊन बसतात. २०१७ सालच्या आठव्या भागाच्या अखेरीस डेकर्ड शॉ येतो. याने कुटुंबातल्या हानचा खून केलेला आहे. त्याला वाढले गेलेले पाहून या मालिकेचे निस्सीम चाहतेच खवळले आणि हानला न्याय मिळावा अशी मागणी त्यांनी लावून धरली. जकातदारांच्या आणि पापी माणसांच्या पंक्तीला बसणाऱ्या येशूवर त्याच्या काळच्या सज्जनांनी घेतलेला आक्षेप, किंवा उधळ्या पुत्राच्या मेजवानीत पाऊल न टाकणारा थोरला भाऊ, यांच्या शेजारी हा क्षोभ ठेवावा. चित्रपटकर्त्यांना आपण काय करून बसलो याचा अंदाज बहुधा नव्हता. पश्चात्तापाचा उच्चारही न होता मिळालेली ही क्षमा आहे. तिला बॉनहॉफरच्या भाषेत स्वस्त कृपा म्हणावे, की कृपेचे स्वरूपच असे लाज आणणारे असते, हा वाद तेथे रंगू शकला असता. पुढच्याच भागात हान जिवंत परत आला. पुनरुत्थान झाले आणि क्षमा निरर्थक ठरली, कारण क्षमा करण्यासारखे आता काही उरलेच नव्हते. चाहते संतुष्ट झाले.

जॉन वूचा 'द किलर' (१९८९) या सर्वांच्या दुसऱ्या टोकाला आहे. वू १९४६ साली चीनमध्ये जन्मला, हाँगकाँगच्या गरीब वस्तीत वाढला. १९५३ सालच्या आगीत कुटुंबाचे घर गेले. चर्चच्या द्वारे एका अमेरिकन कुटुंबाने त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला, आणि तरुणपणी त्याला धर्मोपदेशक व्हायचे होते. त्याच्या चित्रपटातला भाडोत्री मारेकरी सुरुवातीला चर्चमध्ये बसलेला दिसतो. देवावर विश्वास आहे का असे विचारल्यावर तो नाही म्हणतो. त्याला फक्त तेथली शांतता आवडते. एका कामगिरीत त्याच्या पिस्तुलाच्या झळीने निरपराध गायिकेचे डोळे जातात. तिच्या शस्त्रक्रियेसाठी पैसा हवा म्हणून तो आणखी एक खून पत्करतो. आणि आपण मेलो तर आपले डोळे तिला द्यावेत असे सांगून ठेवतो. प्रायश्चित्ताचे असे हिशेबी गणित मांडलेले असताना अखेरची लढाई त्याच चर्चमध्ये होते. मेणबत्त्या, उडणारी पाखरे, दोन हातांत दोन पिस्तुले, एकेका माणसामागे डझनांनी पडणारे मुडदे, सारे अतिशयोक्तीच्या टोकाला गेलेले. मग मरियेचा पुतळा गोळ्यांनी फुटतो. आणि शेवटी खलनायकाच्या गोळ्या नायकाच्या नेमक्या डोळ्यांत घुसतात. देऊ केलेली एकमेव वस्तू नाहीशी होते. आंधळा नायक आणि जवळजवळ आंधळी झालेली गायिका जमिनीवर सरपटत एकमेकांना शोधतात, हाका मारतात, आणि हातभर अंतरावरून एकमेकांना ओलांडून पुढे जातात.

हा प्रसंग भावविवश म्हणून हसण्यावारी नेला जातो, आणि तसा तो आहेही. पण त्याचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. या चित्रपटात अशक्य अशी प्रत्येक गोष्ट घडते. फक्त ज्या एका अशक्य गोष्टीसाठी प्रेक्षक प्रार्थना करीत असतो ती घडत नाही. आंधळ्याला दृष्टी देणे हा शुभवर्तमानातला अतिपरिचित चमत्कार आहे. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'त मनमोहन देसाई तो निःसंकोचपणे साईबाबांच्या मूर्तीपुढे घडवतात, आणि त्या चित्रपटाच्या जगात तो शोभतो. वू तो नाकारतो, तेही चर्चच्या आवारात. रक्ताची परतफेड रक्तात कमावलेल्या पैशाने करू पाहणाऱ्याचे गणित येथे जुळू दिलेले नाही. धर्मोपदेशक व्हायची इच्छा असलेल्या माणसाच्या हातून हे झाले आहे, ही गोष्ट योगायोगाची वाटत नाही. श्रद्धा म्हणजे अशक्य ते घडेल याची खात्री, एवढाच तिचा अर्थ धरून बसलेल्या प्रेक्षकाला या चित्रपटात काहीच सापडणार नाही. मरियेचा पुतळा फुटल्यावरही जो प्रेक्षागृहात बसून राहतो, त्याला काहीतरी सापडण्याचा संभव आहे.

क्वेंटिन टॅरंटिनोच्या 'पल्प फिक्शन' (१९९४) या चित्रपटात अशक्यतेकडे पाहणारे पात्रच मारधाडपटातले आहे. ज्यूल्स आणि व्हिन्सेंट हे दोन भाडोत्री मारेकरी एका घरात शिरून खून करतात. न्हाणीघरात लपलेला तरुण अकस्मात बाहेर येतो आणि हातभर अंतरावरून पिस्तूल पूर्ण रिकामे करतो. एकही गोळी लागत नाही. मारधाडपटाच्या प्रेक्षकाला हा संकेत इतका सवयीचा आहे की एरवी त्याचे लक्षही गेले नसते. नायकाला गोळ्या लागत नसतातच. ज्यूल्स मात्र मागे वळून भिंतीवरची भोके पाहतो. आपण या क्षणी मेलेले असायला हवे होते, असे त्याला वाटते. व्हिन्सेंटच्या मते असे कधीकधी होते. एकच संहिता, दोन वाचक. (ती भोके गोळीबाराच्या आधीपासूनच भिंतीवर दिसतात, हे चौकस प्रेक्षकांनी दाखवून दिले आहे. चित्रीकरणातली ही चूक दैवनियोजन मानणाऱ्या कॅल्विनला मुळीच खटकली नसती.)

मोटारीत या चमत्काराचा वाद चालूच राहतो. व्हिन्सेंट मागच्या आसनावरच्या तरुणाचे मत विचारण्यासाठी वळतो, आणि त्याच्या हातातले पिस्तूल सुटून त्या तरुणाच्या चेहऱ्याच्या ठिकऱ्या उडतात. नेम धरून झाडलेल्या सगळ्या गोळ्या चुकल्या. नेम न धरता सुटलेली एक लागली. पहिल्या घटनेत देवाचा हात असेल तर दुसरीत कोणाचा? एकाला वाचवणारी कृपा दुसऱ्याला का वगळते, या प्रश्नापाशी धर्मशास्त्र शतकानुशतके अडखळत आले आहे. येथे तो प्रश्न मोटारीच्या मागच्या काचेवर उडालेल्या रक्ताने विचारला आहे, आणि पात्रे तो ऐकायचे सोडून काच धुण्याच्या मागे लागतात. चित्रपट विनोदी आहे. पण प्रश्न वाहून जात नाही.

ज्यूल्सला यहेज्केलाच्या पंचविसाव्या अध्यायातले म्हणून एक लांबलचक वचन पाठ आहे आणि खून करण्यापूर्वी ते म्हणण्याची त्याची रीत आहे. त्यातला जेमतेम शेवट मूळ वचनाशी जुळतो. उरलेला भाग बायबलमध्ये नाही. तो सोनी चिबा या नटाच्या एका जपानी मारधाडपटाच्या इंग्रजी आवृत्तीतून घेतलेला आहे. म्हणजे ज्यूल्सचा धर्मग्रंथच मुळात एक मारधाडपट आहे. उपाहारगृहातल्या अखेरच्या प्रसंगात, समोर बसलेल्या लुटारूवर पिस्तूल रोखून, तो त्या वचनाचा अर्थ लावू लागतो. इतकी वर्षे त्याने तो कधी लावलाच नव्हता. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा एवढ्यासाठीच तो ते म्हणत असे. वचनात नीतिमान आहे, मेंढपाळ आहे आणि दुष्टांचा जुलूम आहे. प्रथम तो स्वतःला नीतिमान आणि पिस्तुलाला मेंढपाळ ठरवून पाहतो. मग स्वतः मेंढपाळ होतो आणि दुष्टपणा जगाच्या माथी मारतो. हे वाचन त्याला आवडते, पण ते खरे नाही हे त्याला कळते. तिसऱ्या वाचनात तो लुटारू दुर्बळ ठरतो आणि जुलूम म्हणजे आपण स्वतः. मेंढपाळ होण्याची खटपट मात्र आपण करीत आहोत, एवढेच तो म्हणतो. हृदयपरिवर्तनाचा प्रसंग येथे अक्षरशः अर्थनिर्णयनाचा प्रसंग झाला आहे. बनावट वचनाच्या प्रामाणिक वाचनाने माणूस बदलतो. आणि या वाचनाची कसोटी हीच, की वाचणारा दर वेळी स्वतःला अधिकाधिक प्रतिकूल जागी नेऊन ठेवतो. मारधाडपटात ख्रिस्त शोधणारा प्रेक्षक बहुतेक वेळा पहिल्याच वाचनापाशी थांबलेला असतो.

ज्यूल्स लुटारूला आपल्या पाकिटातले सुमारे १५०० डॉलर देतो. आपण त्याचा जीव विकत घेत आहोत, म्हणजे त्याला मारावे लागू नये, असे सांगतो. खंडणी देऊन सोडवणे हा तारणाचा जुना ख्रिस्ती अर्थ येथे भुरट्या चोराच्या हातात नोटांच्या रूपाने पडतो. लुटारू आणि त्याची साथीदारीण निघून जातात. कोणीही मरत नाही.

चित्रपटाचा कालक्रम उलटापालटा केलेला असल्यामुळे, असे कधीकधी होते म्हणणारा व्हिन्सेंट पुढे कसा मरतो हे प्रेक्षकाने आधीच पाहिलेले असते: ज्यूल्स तेव्हा त्याच्यासोबत नसतो, आणि या वेळी गोळ्या लागतात. ज्यूल्सचे पुढे काय झाले हे चित्रपट सांगत नाही. उपाहारगृहातून निघताना दोघेही उसन्या घेतलेल्या अर्ध्या चड्ड्यांच्या पट्ट्यात आपापले पिस्तूल खोचतात आणि दार ढकलून बाहेर पडतात.